शाळेतली वरची जागा रिकामी होतेय? पदोन्नतीचा अर्ज कसा करायचा

खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार असते, तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न हाच येतो, "अर्ज कधी मागवणार?" बहुतेक वेळा कुणीच अर्ज मागवत नाही, कारण ही जाहिरातीची भरती नव्हे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांनी ही जागा कुणाला द्यायची ते आधीच सांगून ठेवले आहे. पात्रता पूर्ण असलेला आणि सेवेची नोंद समाधानकारक असलेला जो सर्वांत ज्येष्ठ, त्याला ती मिळते. पवित्र पोर्टलचाही इथे संबंध नाही. ते सरळसेवा भरतीसाठी आहे. अतिरिक्त शिक्षक उपलब्ध आहेत का, हे शिक्षण खात्याला विचारण्याचे बंधनही पदोन्नतीच्या जागेला नाही.

तरीही अर्ज करायचाच. आपला हक्क अमुक तारखेला आपण लेखी मांडला होता, याचा पुरावा त्याने तयार होतो. जागा मिळते ती ज्येष्ठता यादीवर, पण वाद झाला तर ही तारीख कामाला येते. म्हणून निम्म्याहून अधिक मेहनत यादीवर घ्यावी आणि उरलेली अर्जावर.

जागा खरोखर आहे का?

मुख्याध्यापक निवृत्त होणार म्हणजे जागा भरली जाणारच, असे नाही. शेवटच्या संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदे मंजूर आहेत ते सांगणाऱ्या शासनाच्या आदेशात, ते पद मंजूर दिसले पाहिजे. संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार पडताळणी झालेले विद्यार्थीच धरले जातात. पट घसरला असेल तर पर्यवेक्षकाचे किंवा उपमुख्याध्यापकाचे पद उडू शकते. संच मान्यतेची प्रत शाळेच्या कार्यालयात असते. ती मागून घ्या आणि पदाच्या रकान्यातला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ऐकीव माहितीवर अर्ज केला आणि पदच मंजूर नाही असे निघाले, तर संस्थेने ठराव करूनही शिक्षणाधिकारी मान्यता देऊ शकत नाहीत.

मग जागा कोणत्या तारखेला रिकामी होते ते पक्के करा. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. ज्यांची जन्मतारीख महिन्याची १ तारीख असते, ते आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. पूर्वी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहिण्याची पद्धत होती, म्हणून आजही ३१ मे रोजी निरोप समारंभांची रांग लागते आणि जागा १ जूनपासून रिकाम्या होतात. मे महिन्यात शाळा बंद, संस्थेचे पदाधिकारी गावाला, लिपिक रजेवर. म्हणजे ३१ मे ची जागा असेल तर अर्ज मार्चमध्येच गेला पाहिजे. जूनमध्ये जागे झालात तर तोवर कुणीतरी 'प्रभारी' होऊन बसलेले असते.

पात्रता

माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी नियम ३ काय मागतो ते थोडक्यात असे: पदवी, बी.एड. किंवा समकक्ष अर्हता आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेतला एकूण किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव. त्या पाचांपैकी किमान २ वर्षे बी.एड. झाल्यानंतरची हवीत. 'पूर्णवेळ' या शब्दावर पुष्कळ प्रकरणे अडतात. अर्धवेळ किंवा घड्याळी तासिकांवर केलेली वर्षे यात मोजून चालत नाही. प्राथमिक शाळा २०० हून अधिक पटाची किंवा पहिली ते सातवीची असेल तर प्रशिक्षित आणि किमान ५ वर्षे सेवा झालेला ज्येष्ठ शिक्षक लागतो.

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, मुद्दा अलीकडचा आहे आणि बऱ्याच जणांच्या अजून लक्षात आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला ५ वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना २ वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे. ५ वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहायला सूट आहे, पण त्यांना पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागते. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. तुम्ही पाचवी ते आठवीच्या वर्गांवर नेमलेले असाल तर तुमच्या पदाला हे कसे लागू होते ते शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर थांबू नका. टीईटीचा पेपर १५० गुणांचा असतो आणि खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. जागा दोन वर्षांनी रिकामी होणार असेल तर परीक्षेची तयारी आजपासूनच करायला हवी.

ज्येष्ठता यादी

यादी नियमावलीतला नियम १२ आणि तिला जोडलेली अनुसूची 'फ' यांनुसार होते. व्यवस्थापनाने यादी तयार करायची, संबंधित कर्मचाऱ्यांना ती द्यायची आणि मिळाल्याच्या सह्या घ्यायच्या. पुढे त्यात बदल झाला तर तोही दाखवून सह्या घ्यायच्या. हरकती आल्या तर व्यवस्थापनाने विचारात घ्यायच्या आणि आपसातला वाद मिटला नाही तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे निर्णयासाठी पाठवायचा.

व्यवहारात काय होते? लिपिक वर्गावर येतो, "सर, इथे सही करा," म्हणतो आणि फळ्यावर गणित अर्धे सोडून सर सही करतात. पाच वर्षांनी कळते की आपल्या नावापुढे सेवेत लागल्याची तारीख चुकली आहे किंवा आपण भलत्याच प्रवर्गात आहोत. मग "तुम्ही तर मान्य केले होते" हे ऐकावे लागते. म्हणून सही करताना यादी घरी नेण्यासाठी प्रत मागा. प्रत लगेच देत नसतील तर सहीखाली 'प्रत मिळाल्यावर हरकत नोंदवण्याच्या अधीन' असे लिहून तारीख टाका.

यादीत या गोष्टी तपासा:

सेवेची सुरुवात. तात्पुरती नेमणूक, रजा-मुदतीतली नेमणूक आणि सलग नेमणूक या तीन वेगवेगळ्या तारखा असू शकतात. ज्येष्ठता सलग नेमणुकीवरून मोजतात. ही तारीख नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यतेचे (म्हणजे तुमच्या नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेल्या मंजुरीचे) पत्र आणि सेवापुस्तक या तिन्हींत जुळते का ते पाहा. मान्यतेच्या पत्रात वेगळी तारीख असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी लागते.

प्रवर्ग. माध्यमिक शिक्षकांची यादी अर्हतेप्रमाणे प्रवर्गांत विभागलेली असते. पदवी आणि बी.एड. असलेले शिक्षक 'क' प्रवर्गात येतात. डी.एड.वर लागून नंतर बी.एड. झालेल्या शिक्षकाची एकूण सेवा लांब असली तरी 'क' प्रवर्गात त्याचा प्रवेश केव्हा झाला हा प्रश्न उभा राहतो. सर्वाधिक भांडणे इथेच होतात. "मी तुझ्याआधी सहा वर्षे लागलो," हे खरे असूनही उपयोगाचे ठरेलच असे नाही. अनुसूची 'फ' मध्ये बदल झालेले असल्याने झेरॉक्सच्या दुकानातली जुनी पुस्तिका वापरू नका, दुरुस्त्यांसह असलेली प्रत पाहा.

एकच तारीख. एकाच दिवशी, एकाच प्रवर्गात नेमणूक झालेल्यांत वयाने मोठा असेल तो ज्येष्ठ. आडनावाच्या आद्याक्षरावरून किंवा हजेरीपटातल्या क्रमावरून लावलेली यादी चूक.

शाळा एक की अनेक. संस्थेच्या एकाहून अधिक माध्यमिक शाळा असतील तर मुख्याध्यापकपदासाठी रात्रशाळा वगळून सगळ्या शाळांतले शिक्षक एकत्र धरले जातात. आपल्या शाळेत आपण पहिले, पण संस्थेत चौथे, असे सर्रास होते. त्यामुळे फक्त आपल्या शाळेची यादी बघून अर्ज करू नका. संस्थेची एकत्रित यादी मागा.

यादी दाखवतच नसतील तर माहितीच्या अधिकारात मागता येते. अनुदानित शाळेला हा कायदा लागू आहे. अर्जाला १० रुपयांचे शुल्क, प्रतीला पानामागे २ रुपये आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. शाळेकडून मिळाली नाही तर शिक्षणाधिकारी कार्यालयात सादर केलेली प्रत मागा. एकदा या दोन प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन ठिकाणी दोन याद्या असल्याचे उघडकीला येणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

गोपनीय अहवाल

ज्येष्ठ असूनही डावलायचे असेल तर व्यवस्थापनाच्या हाती एकच आधार असतो, 'सेवेची नोंद समाधानकारक नाही'. ही नोंद म्हणजे गोपनीय अहवाल. नियम १५ नुसार अहवाल दरवर्षी लिहायचा, प्रतिकूल शेरा असेल तर तो ऑगस्टअखेरपर्यंत कर्मचाऱ्याला लेखी कळवायचा. अहवाल लिहिलाच नाही किंवा शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या वर्षाचे काम समाधानकारक होते असेच धरले जाते. म्हणजे जागा रिकामी व्हायच्या महिन्यात कपाटातून निघालेल्या, तुम्हाला कधीच न कळवलेल्या शेऱ्यांना फारसे वजन नाही. उलट शेरा वेळेत मिळाला आणि तुम्ही गप्प बसलात, तर तो चिकटतो. मेमो असो वा शेरा, लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. उत्तर दोन परिच्छेदांत बसावे. चार पानी संताप फाइलला लागला की तोच तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

अर्ज

अर्ज एका पानाचा. संस्थेच्या सचिवांच्या नावे, मुख्याध्यापकांमार्फत, आणि एक आगाऊ प्रत थेट संस्थेच्या कार्यालयात. मजकूर साधारण असा:

प्रति, मा. सचिव, (संस्थेचे नाव व पत्ता)
मार्फत: मा. मुख्याध्यापक, (शाळा)
विषय: मुख्याध्यापक पदावर सेवाज्येष्ठतेनुसार पदोन्नती मिळणेबाबत.
संदर्भ: १) म.खा.शा.क. नियमावली १९८१, नियम ३ व १२. २) संस्थेची दि. …… ची सेवाज्येष्ठता यादी, अ.क्र. ……

महोदय,
(शाळेचे नाव) येथील मुख्याध्यापक पद दि. …… पासून सेवानिवृत्तीमुळे रिक्त होत आहे. मी दि. …… पासून संस्थेच्या सेवेत सलग पूर्णवेळ कार्यरत असून माझ्या नेमणुकीस दि. …… च्या पत्राने वैयक्तिक मान्यता आहे. माझी अर्हता ……, बी.एड. (उत्तीर्ण दि. ……) अशी आहे. बी.एड. नंतरचा माझा माध्यमिक अध्यापनाचा अनुभव …… वर्षे आहे. वरील यादीनुसार उपलब्ध पात्र शिक्षकांत मी ज्येष्ठ आहे. मला आजवर कोणताही प्रतिकूल शेरा कळवण्यात आलेला नाही. तरी सदर पदावर माझी नियुक्ती करून प्रस्ताव मान्यतेसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे पाठवावा, ही विनंती. हे पद मी स्वीकारण्यास तयार आहे व मी माझा हक्क सोडलेला नाही.

शेवटचे वाक्य गाळू नका. ते का, ते पुढे येईल. प्रतिकूल शेऱ्याचे वाक्य मात्र खरे असेल तरच लिहा, नाहीतर त्या एका ओळीने सगळा अर्ज पडतो. शाळेसाठी काय काय केले, किती स्पर्धांत मुले जिंकली, याची यादी इथे नको. ज्येष्ठतेच्या पदाला तिचा उपयोग नाही आणि वाचणाऱ्याचा वेळ जातो.

सोबत जोडायचे: नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यता, पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रे गुणपत्रकांसह, लागू असल्यास टीईटी, सेवापुस्तकाचे पहिले पान, ज्येष्ठता यादीतले आपले पान, जात प्रमाणपत्र व वैधता असल्यास ती. नावात बदल असेल (लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकांचे हे हमखास अडते) तर राजपत्राची प्रत. सगळ्या छायाप्रती साक्षांकित आणि पानांना क्रमांक.

पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही. नुसती सही पोच होत नाही. घेत नसतील तर वाद न घालता पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झाले आहे, तेव्हा नोंदणी आणि पोहोच-पावतीची सोय मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो आणि त्याखाली आलेला अंगठा ही पोच नव्हे.

हक्क सोडण्याचा कागद

संस्थेची जागा ऐंशी किलोमीटरवरच्या शाखेत रिकामी झाली, घरात आजारी माणूस आहे, मुलीची बारावी आहे. अशा वेळी ज्येष्ठ शिक्षक "मला नको" म्हणतात आणि ते योग्यही असते. पण हे कसे म्हणायचे, याचा नियम आहे. हक्क स्वेच्छेने सोडल्याचे निवेदन शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे लागते. संस्थेच्या कार्यालयात कोऱ्या किंवा छापील कागदावर घेतलेली सही म्हणजे तो कागद नव्हे. आणि एका जागेवरचा हक्क सोडला म्हणून पुढची जागा रिकामी झाल्यावर ती मागता येत नाही, असेही नाही. निवेदनात शाळेचे नाव आणि रिक्त होण्याची तारीख घालून 'फक्त या जागेपुरता' असे लिहा.

दुसऱ्या बाजूनेही पाहा. तुम्ही यादीत दुसरे असाल आणि पहिल्यांनी नकार दिला असेल, तर त्यांच्या निवेदनाची प्रत प्रस्तावाला लागली आहे की नाही हे बघणे तुमच्या हिताचे आहे. ती नसली की तुमची मान्यता अडते.

ठराव, प्रस्ताव, मान्यता

पर्यवेक्षकाच्या नेमणुकीचा ठराव शाळा समितीचा. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक यांची नेमणूक मात्र व्यवस्थापन करते. चुकीच्या समितीचा ठराव लागला की प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो आणि दोन-तीन महिने सहज जातात. ठरावात पद, शाळा, रिक्त होण्याचे कारण, ज्येष्ठता यादीतला क्रमांक आणि रुजू होण्याची तारीख हवी.

मग संस्था प्रस्ताव जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे पाठवते, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे. संस्थेत विश्वस्तांचा वाद चालू असेल आणि धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीचा अर्ज प्रलंबित असेल, तर ठरावावर सही कुणाची ग्राह्य धरायची इथेच फाइल थांबते. अशा वेळी आणि एरवीही मधल्या काळात पगारबिले अडू नयेत म्हणून शिक्षणाधिकारी कुणा ज्येष्ठ शिक्षकाला सह्यांचे अधिकार देतात. सह्यांचे अधिकार म्हणजे पदोन्नती नव्हे. 'प्रभारी' म्हणून दोन वर्षे खुर्चीत बसलेल्यालाही त्या वेतनश्रेणीचा पगार त्यामुळे आपोआप मिळत नाही. तुम्हाला प्रभार दिला असेल तर स्वीकारताना 'नियमित पदोन्नतीचा माझा हक्क अबाधित ठेवून' एवढे लिहा.

अल्पसंख्याक दर्जाच्या शाळेत हे गणित बदलते. मुख्याध्यापकाच्या निवडीबाबत या कायद्यातून त्यांना सूट आहे, व्यवस्थापन ज्येष्ठतेपलीकडे जाऊन निवड करू शकते. तिथे अर्जात कामाचा तपशील घालणे योग्य ठरते. विनाअनुदानित आणि सीबीएसई शाळांतल्या समन्वयकासारख्या अंतर्गत पदांचेही तसेच. ही पदे संस्थेच्या मर्जीवरची असतात. तिथे सूचना येते, मुलाखत होते, आणि विचारले जाते ते वेळापत्रक कसे लावाल, पालकांची तक्रार कशी हाताळाल, असे. अशा ठिकाणी होकार देण्याआधी तासिका किती कमी होणार आणि भत्ता किती, हे लेखी घ्या. नाहीतर नाव समन्वयक, तासिका तेवढ्याच आणि शनिवार गेलेला.

लिपिक आणि शिपाई यांच्या पदोन्नतीतही यादी, संच मान्यता आणि पोच यांचे तेच पथ्य. शिपायाला लिपिक व्हायचे असेल तर टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र (मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट) आणि एमएस-सीआयटी आधीच करून ठेवावे. जागा निघाल्यावर परीक्षेला बसून भागत नाही.

डावलले तर

तुमच्याहून कनिष्ठाची नेमणूक झाल्याचे कळताच आदेशाची प्रत मिळवा आणि कळल्याची तारीख लिहून ठेवा. पदोन्नतीत डावलले गेल्यास अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ३० दिवसांची मुदत धरूनच चाला. शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदने, आमदारांचे शिफारसपत्र, संघटनेची बैठक यांत हे दिवस निघून जातात. निवेदन द्या, संघटनेकडेही जा, पण अपिलाची तयारी त्याच आठवड्यात वकिलाकडे सुरू करा. यादीच्या प्रती, हरकतींच्या पोचा आणि तो एकपानी अर्ज तिथे लागतो.

मिळाली तर

रुजू अहवाल त्याच दिवशी. वेतननिश्चितीचा विकल्प, म्हणजे पदोन्नतीच्या दिवसापासून की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, पहिल्या महिन्यातच लेखी द्या. दोन्ही बाजूंचा हिशेब वेतन पथकातल्या (शाळांची पगारबिले पाहणाऱ्या कार्यालयातल्या) किंवा दुसऱ्या शाळेतल्या जाणत्या लिपिकाकडून मांडून घ्या. वरिष्ठ किंवा निवड श्रेणी (ठरावीक सेवेनंतर मिळणारी वरची वेतनश्रेणी) आधीच मिळालेली असेल तर फरक अगदी थोडा निघतो, काही जणांना तर नाहीच.

कार्यभार यादी करूनच घ्या. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची कोरी पुस्तके क्रमांकासह, कॅशबुकची अखेरची शिल्लक आणि बँकेचे पासबुक, वापरलेले व कोरे धनादेश, सगळी सेवापुस्तके मोजून, जडवस्तू नोंदवही, शालार्थ, सरल आणि यू-डायस या शासकीय ऑनलाइन प्रणालींचे पासवर्ड. आणि शालेय पोषण आहाराचा तांदूळ नोंदवहीतल्या आकड्यावर सही करून घेऊ नका, काटा मागवून पोती मोजून घ्या. कमी भरला तर तो फरक आधीच्या मुख्याध्यापकांच्या सहीने यादीत लिहून घ्या, म्हणजे पुढच्या तपासणीत तो तुमच्या नावावर चढणार नाही.